टेंडरच्या वकिलीत उतरताय? या चुका टाळा

कंपनी कायद्याकडून सरकारी कामांकडे वळणारे ज्युनिअर वकील हमखास एक चूक करतात: कराराचा मसुदा हाती आला की दुरुस्त्या सुचवायला बसतात. शेअर खरेदीच्या करारात हे चालतं, तिथे घासाघीस व्हायचीच. सरकारी कामात मात्र मसुदा हा निविदेचाच भाग असतो. एखादं कलम जाचक वाटलं तर प्री-बिड बैठकीसाठी (बोली भरण्याआधी शंका विचारायची बैठक) दिलेल्या मुदतीत लेखी प्रश्न पाठवायचा. म्हणणं मान्य झालं तर शुद्धिपत्रक, म्हणजे निविदेतल्या बदलाची सूचना, निघतं आणि बदल सगळ्यांनाच लागू होतो. ती मुदत हुकली आणि बोलीसोबत 'अमुक अट मान्य नाही' असं पत्र जोडलं, तर बोली सशर्त म्हणून बाद होऊ शकते.

बोली अपलोड करण्याआधी शेवटचं शुद्धिपत्रक पुन्हा वाचाच. बँक गॅरंटीचा नमुना बदललेला असतो आणि आपण जुन्यावरच सह्या घेऊन ठेवलेल्या असतात.

सगळ्यात महाग पडतो तो उशीर. बोली नाकारली गेली की अशील खात्यातल्या साहेबांना भेटतो, अर्ज देतो, उत्तराची वाट बघतो, वकीलही थांबतो. रमणा दयाराम शेट्टी खटल्याचा १९७९चा निकाल शेवटपर्यंत वाचा. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाचं ते टेंडर. बोलीदाराला हॉटेल व्यवसायाचा किमान ५ वर्षांचा अनुभव हवा, ही अट विमानतळ प्राधिकरणानेच घातली आणि तीत न बसणाऱ्याला काम दिलं. स्वतः घातलेली अट सरकारी संस्थेला मोडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. तरीही कंत्राट रद्द झालं नाही! याचिका दाखल होईपर्यंत ५ महिने उलटले होते आणि कंत्राटदाराचा पैसाही खर्च झाला होता. याचिकाकर्त्याचा हेतूही न्यायालयाला पटला नाही, हा भाग वेगळा.

आता तर वाट आणखी अरुंद आहे. विशिष्ट अनुतोष कायद्यातल्या (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) २०१८च्या दुरुस्तीनंतर पायाभूत प्रकल्पाचं काम रखडेल असा मनाई हुकूम दिवाणी न्यायालयाला देता येत नाही. २०२२मध्ये एन. जी. प्रोजेक्ट्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांनाही स्थगिती देताना हात आखडता घ्यायला सांगितलं. म्हणून कार्यादेश (काम सुरू करायचा आदेश) निघायच्या आत कोर्टात उभे राहा.

आणि तिथे 'अटीचा आमचा अर्थ बरोबर' एवढ्यावर विसंबू नका. नागपूर मेट्रोच्या टेंडरवरून झालेल्या अ‍ॅफकॉन्स खटल्यात २०१६मध्ये ठरलं की निविदा ज्याने लिहिली त्याचा अर्थ सहसा मानायचा. त्यात दुष्ट हेतू किंवा निव्वळ विपर्यास असला तरच कोर्ट हात घालेल. त्यापेक्षा तीच अट दुसऱ्या बोलीदाराला कशी सैल लावली, ते कागदावर दाखवा. माझ्या मते हा मुद्दा कितीतरी बळकट असतो.

काम सुरू झाल्यावर साइटवरच्यांना एक सवय लावा: जागेचा ताबा उशिरा मिळाला, नकाशे अडकले, की करारातल्या मुदतीत लेखी नोटीस. तोंडी आश्वासनावर मुदतवाढीचा दावा उभा राहत नाही.

वाद लवादाकडे गेला, तर लवादाचा निवाडा अशिलाच्या हाती पडेल ती तारीख फाइलीच्या पुठ्ठ्यावरच लिहा. निवाड्याला कोर्टात आव्हान द्यायला ३ महिने, सबळ कारण दाखवलं तर वर ३० दिवस. त्यानंतर एक दिवससुद्धा नाही.