हाताने शिवलेले चामडी कार्ड-पाकीट: पुठ्ठ्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत

चामड्याला एकदा पडलेले भोक पुन्हा बुजत नाही. कापडाची शिवण उसवून पुन्हा घालता येते, लाकडातली चूक लांबी भरून झाकता येते. चामड्यात मात्र चुकीच्या जागी आरी गेली की तो तुकडा त्या कामापुरता गेला. हौस म्हणून हे काम शिकणाऱ्याने म्हणून पहिले महिने कमरपट्टा किंवा खांद्याची पिशवी यांच्या वाटेला न जाता एकच छोटी वस्तू तीन-चार वेळा करावी आणि चुका शक्यतो पुठ्ठ्यावरच करून घ्याव्यात. अशी वस्तू म्हणून मी कार्ड ठेवण्याचे छोटे पाकीट सुचवतो. त्याला कतरणीएवढे चामडे पुरते, चेन किंवा बक्कल लागत नाही आणि तरीही मोजणी, कापणी, चिकटवणे, शिवण व कडा ही पाचही कामे त्यात येतात.

आधी चामड्याविषयी. कातडे कमावण्याच्या, म्हणजे कच्च्या कातड्याचे टिकाऊ चामडे करण्याच्या, दोन मुख्य पद्धती आहेत. झाडांच्या साली आणि फळे यांतल्या टॅनिनने कमावलेले ते वनस्पतिजन्य चामडे. आपल्याकडे कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात ते याच जातीचे. दुसरे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले. ते मऊ, लवचीक आणि पाण्याला अधिक टिकणारे असते, आणि बाजारातल्या बहुतेक पर्सेस व जॅकिटे त्याचीच असतात. नवशिक्याने मात्र वनस्पतिजन्य चामडेच घ्यावे, कारण त्याची कड घासून चकचकीत करता येते, ओले करून त्यावर अक्षरे उठवता येतात आणि ते कापताना रबरासारखे सरकत नाही. दुकानात दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी न रंगवलेल्या तुकड्याची कापलेली कड पाहावी. वनस्पतिजन्य चामडे आतपर्यंत बदामी किंवा तपकिरी दिसते, तर क्रोमचे आतून निळसर राखाडी असते. शिवाय वनस्पतिजन्य चामड्यावर पाण्याचा थेंब टाकल्यास तो मुरून तेवढी जागा गडद होते. ‘जेन्युइन लेदर’ या छापावर फार विसंबू नये. त्यातून चामड्याची प्रत कळत नाही.

मुंबईकरांना धारावी जवळ आहे, आणि कानपूर, कोलकाता, चेन्नई या मोठ्या केंद्रांतून माल मागवताही येतो. पूर्ण कातडे चौरस फुटावर विकले जाते, पण आपल्याला ते नको. काही दुकानांत तुकडे वजनावर मिळतात, त्यांतून पाठीच्या भागाचे निवडावेत. पाठीचे चामडे घट्ट व एकसारखे असते, पोटाचे ताणले जाते, मानेच्या भागावर सुरकुत्या असतात. तुकडा दोन्ही हातांत धरून ओढून पाहिला की पोटाचा भाग लगेच कळतो. जाडी १ ते १.२ मिलिमीटर हवी. दुकानदार ती औंसात सांगू लागल्यास १ औंस म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर असा हिशेब करावा.

हत्यारांवर खर्च करण्याचा मोह आवरावा. धारदार पाते, पोलादी पट्टी, गुण्या, टाक्यांची भोके पाडण्यासाठी ४ मिलिमीटर अंतराचा दातेरी ठसा (एक दोन दातांचा, एक सहा दातांचा), एक आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, सुमारे ०.६ मिलिमीटर जाडीचा मेण लावलेला दोरा, लाकडी किंवा नायलॉनचा हातोडा आणि शाळेच्या कंपासपेटीतले कर्कटक एवढे पुरते. ठोकण्यासाठी खाली जड आधार लागतो. स्वयंपाकघराचे ओटे बसवणाऱ्यांकडे ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा मिळतो, तो उत्तम. ठोकताना त्यावर प्लॅस्टिकचा जाड पाट ठेवावा, नाहीतर ठशाचे दात बोथट होतात. चामड्याची कड पातळ करण्यासाठी मात्र रापीला, म्हणजे चर्मकारांच्या रुंद पात्याच्या हत्याराला, पर्याय नाही. रापी कशी धरायची आणि तिला धार कशी लावायची हे चित्रफिती पाहून मला कधीच नीट जमले नाही; आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या चर्मकार काकांनी ते दहा मिनिटांत दाखवले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा हा व्यवसाय आहे आणि ज्यांना त्याबद्दल मान फारसा मिळाला नाही, त्यांच्याकडे शिकायला जाताना त्यांच्या कामाच्या वेळेचे मोल द्यावे, एवढे भान हौशी माणसाने ठेवलेच पाहिजे.

आता पुठ्ठा. बँकेचे कार्ड ८५.६ मिलिमीटर लांब आणि ५४ मिलिमीटर उंच असते. आपल्या पाकिटाला ९८ × ७० मिलिमीटरचे दोन मोठे तुकडे आणि ९८ × ४५ मिलिमीटरचे दोन खिसे लागतील. मोठे दोन पाठीला पाठ लावून मधे घडी केलेल्या नोटांची जागा होते आणि दोन्ही बाहेरच्या अंगांना एकेक खिसा येतो. हे आकडे सहज सुचलेले नाहीत. शिवण कडेपासून ३ मिलिमीटर आत घातली, तर दोन्ही बाजू वजा जाता ९२ मिलिमीटर उरतात. कार्डाच्या दोन्ही अंगांना तीन-तीन मिलिमीटर सैल जागा मिळते, जी जाड चामड्यात आवश्यक असते. शिवाय ९२ ला ४ ने बरोबर भाग जातो, म्हणून खालच्या शिवणीत २३ टाके बसतात आणि दोन्ही कोपऱ्यांत नेमके एकेक भोक येते. खालच्या शिवणीपासून वर ६४ मिलिमीटर मोजले की बाजूचे १६ टाके होतात आणि वर ३ मिलिमीटर मोकळे राहतात. खिशाची वरची कड ४५ मिलिमीटरवर आहे. भोके ४३ आणि ४७ वर येतात, म्हणजे ती कड बरोबर एका टाक्याच्या मध्यावर पडते. भोक खिशाच्या कडेवरच आले असते तर तिथले चामडे फाटले असते. खिसा ४४ किंवा ४६ मिलिमीटरचा केला तरी चालेल, ४३ चा मात्र चालणार नाही. हे सारे पुठ्ठ्यावर कर्कटकाने आखावे, भोकांच्या जागी टाचणीने टोचावे, पुठ्ठ्याचे तुकडे कडांना कागदी चिकटपट्टी लावून जोडावेत आणि खरोखरची कार्डे घालून पाहावीत. दोन दिवस ते पुठ्ठ्याचे पाकीट खिशात वागवावे.

कापताना पट्टी चामड्याच्या त्या भागावर ठेवावी जो आपल्याला हवा आहे. पाते घसरले तर नुकसान टाकाऊ भागाचे होते. एका दमात आरपार कापण्याचा हट्ट न धरता तीन हलक्या ओढींत कापावे आणि पाते सरळ उभे धरावे, कारण तिरकी कापलेली कड चार थर एकत्र आल्यावर उघडी पडते. चारही तुकडे कापून झाल्यावर एकावर एक ठेवून पाहावेत.

वस्तू ‘आपली’ करायची असेल, म्हणजे तिच्यावर नाव किंवा आद्याक्षरे उठवायची असतील, तर ती वेळ हीच. एकदा शिवल्यावर ठोकायला सपाट जागा उरत नाही. रोमन अक्षरांचे पोलादी ठसे सहज मिळतात, देवनागरीचे क्वचित मिळतात, आणि मिळाले तरी अक्षरे एकेक करून ठोकल्यावर शिरोरेषा तुटकतुटक दिसते. यावर दोन उपाय आहेत. पहिला, ठशांवरची शिरोरेषा घासून टाकून अक्षरे ठोकावीत आणि शेवटी पट्टी धरून बोथट हत्याराने एकच सलग शिरोरेषा दाबावी. दुसरा आणि अधिक नेटका उपाय म्हणजे लग्नपत्रिकांवर सोनेरी अक्षरे उठवण्यासाठी धातूचे ब्लॉक करून देणाऱ्यांकडून पूर्ण नावाचा एक उलटा ब्लॉक करून घेणे. ठोकण्यापूर्वी ओल्या स्पंजाने संपूर्ण तुकडा ओलसर करावा, फक्त नावापुरता नव्हे, नाहीतर वाळल्यावर डागाची कड राहते. मूळ रंग परतू लागला पण हाताला अजून गार लागते आहे, त्या क्षणी ठसा सर्वांत ठसठशीत उमटतो.

ओल्या चामड्याजवळ लोखंड मात्र राहू देऊ नये. माझ्या दुसऱ्या पाकिटावर मी ओला तुकडा सपाट राहावा म्हणून साधी लोखंडी पट्टी रात्रभर ठेवली. सकाळी तिच्या लांबीची निळसर काळी रेघ पक्की बसलेली होती. हिरडा आणि हिराकस यांची जुनी काळी शाई ज्या रसायनाने होते तेच इथे घडते, टॅनिन आणि लोह भेटले की काळा रंग तयार होतो. डाग ताजा असल्यास लिंबाच्या रसाने फिका होतो. माझा शिळा झाला होता, त्यामुळे मी तो तुकडा सबंध काळा रंगवून वापरला. सुक्या चामड्याला पट्टीचा त्रास नाही.

चिकटवण्यापूर्वी खिशांच्या वरच्या कडा आणि मोठ्या तुकड्यांच्या वरच्या कडा घासून पूर्ण करून घ्याव्यात, कारण पुढे तिथे हात पोचत नाही. मग मोठ्या तुकड्यांच्या बाहेरच्या गुळगुळीत अंगावर, जिथे खिसा चिकटणार आहे तिथे, तिन्ही बाजूंना अडीच मिलिमीटरची पट्टी काचकागदाने खरवडावी. गुळगुळीत पृष्ठावर चिकटद्रव्य धरत नाही. चपला दुरुस्तीत वापरतात ते रबर सोल्युशन दोन्ही अंगांना पातळ लावून, बोटाला चिकटण्याऐवजी नुसते ओढ घेते इतके वाळू द्यावे आणि मग कडा जुळवून दाबावे. खिडकी उघडी असू द्यावी. खिसे आधी आपापल्या मोठ्या तुकड्याला आणि नंतर दोन्ही जोड एकमेकांना, असा क्रम ठेवावा.

तिन्ही बाजूंना ३ मिलिमीटरवर कर्कटकाने रेघ ओढून कोपऱ्यापासून ठसा ठोकायला सुरुवात करावी आणि दर वेळी ठशाचा पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात ठेवावा, म्हणजे अंतर चुकत नाही. ठसा काटकोनात उभा आहे की नाही हे समोरूनच नव्हे तर बाजूनेही पाहावे. खाली चारही थर मिळून जाडी सुमारे साडेचार मिलिमीटर होते. दात आरपार गेले नाहीत तर जोर वाढवण्याऐवजी उरलेले भोक आरीने पूर्ण करावे.

शिवण घालण्यासाठी दोरा किती घ्यावा याबद्दल ‘शिवणीच्या चौपट’ हा नियम सर्रास सांगितला जातो, आणि नवशिके त्यानेच फसतात. आपली शिवण २२ सेंटिमीटर, म्हणजे त्या हिशेबाने ८८ सेंटिमीटर. पण प्रत्येक टाक्याला प्रत्येक दोरा ४ मिलिमीटर पुढे आणि जवळजवळ तेवढाच आरपार जातो. ५५ टाक्यांचा आणि दोन दोऱ्यांचा हिशेब ९२ सेंटिमीटरपर्यंत जातो, वर हातात धरायला आणि उलटे टाके घ्यायला दोरा हवाच. सव्वा मीटरपेक्षा कमी घेऊ नये. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई ओवावी, टोकाजवळ दोऱ्याच्याच पिळातून सुई काढून मागे ओढावी, म्हणजे सुई निसटत नाही आणि गाठही लागत नाही. पाकीट गुडघ्यांमध्ये लाकडी चिमट्यात पकडून पहिल्या भोकातून दोरा अर्धा-अर्धा करून घ्यावा. मग दर भोकात आधी डाव्या हाताची सुई, नंतर त्याच भोकातून उजव्या हाताची. दुसरी सुई घालताना पहिला दोरा किंचित मागे ओढत राहावे. तो सहज सरकला तर सुईने त्याला भोसकलेले नाही याची खात्री होते. दोन्ही दोरे बाहेर आल्यावर सारख्या जोराने ओढावेत, चामड्यात टाका रुतेल इतके, पण चामडे चुरमडेल इतके नाही. कोणती सुई आधी हा क्रम संपूर्ण शिवणीत एकदाही बदलू नये. बदलला की त्या जागचा टाका सरळ पडतो आणि बाकीचे तिरके, आणि पाहणाऱ्याची नजर तिथेच जाते. खिशाच्या कडेवरचा टाका दुहेरी घालावा. शेवटी दोन-तीन भोके उलट शिवत यावे, दोरा पृष्ठालगत कापावा आणि पॉलिएस्टरचा असल्यास लायटरने टोक वितळवून दाबावे. शिलाई यंत्राच्या टाक्यात एक दोरा तुटला की शिवण उसवत जाते. इथे प्रत्येक भोकातून दोन स्वतंत्र दोरे गेलेले असल्यामुळे एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो.

कडा हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. आधी २२० नंबरच्या काचकागदाने चारही थर एकजीव दिसेपर्यंत घासावे, मग ४०० आणि ६०० वापरावा. कडेला पाण्याचा हलका हात लावून पातळ डिंक चोळावा आणि गुळगुळीत लाकडाच्या दांडीने, किंवा जाड सुती कापडाने, कड गरम लागेपर्यंत घासावी. थर दिसत असतील तर पुन्हा ४०० वर यावे. शेवटी मधमाशीचे मेण लावून एकदा घासावे.

तेल अगदी पातळ, बोटाच्या टोकाने लावावे. जास्त तेलाने चामडे ढिले पडते. पावसाळ्यात उरलेले चामडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवू नये, आठवड्यात बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळून हवा खेळेल अशा जागी ठेवावे. नवे पाकीट पहिल्या दिवशी घट्ट लागेल आणि कार्ड अर्ध्यावर अडेल. प्रत्येक खिशात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली दोन कार्डे घालून ते रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवले की सकाळी एक कार्ड अंगठ्याने सहज वर येते.