पॉडकास्टचं ॲप बनवताना: फीड, डाउनलोड आणि ऐकणाऱ्याची जागा

पॉडकास्टचं ॲप बनवायला घेतलं की बहुतेक जण प्लेयरच्या स्क्रीनपासून सुरुवात करतात. गोल बटणं, मागे धूसर केलेलं कव्हर, सरकती पट्टी. हे काम सगळ्यात शेवटी केलं तरी चालतं. लोक ॲप काढून टाकतात त्याची कारणं वेगळीच असतात: पाऊण तास ऐकलेला भाग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, रात्री डाउनलोडला लावलेला भाग सकाळी गाडीत अर्धाच निघाला, नाव नीट लिहूनही शोधात काही सापडलं नाही. सोलापूरहून पुण्याला निघालेला माणूस चार तास गाडीत बसणार, रेंज येणार-जाणार, फोन आठ-दहा हजारांचा आणि त्यातली निम्मी जागा व्हॉट्सॲपच्या व्हिडिओंनी खाल्लेली. हा माणूस समोर ठेवूनच ॲप बांधावं.

खाली अँड्रॉइड धरलंय. भाषा कॉटलिन, आवाजासाठी मीडिया३ मधला एक्सोप्लेयर, साठवणीला रूम, बॅकग्राउंडच्या कामांना वर्कमॅनेजर. स्वतःचा सर्व्हर लागत नाही, लॉगिनही नको.

फीड वाचणं

प्रत्येक पॉडकास्ट म्हणजे कुठल्यातरी सर्व्हरवर ठेवलेली एक्सएमएल फाइल, आरएसएस फीड. त्यातल्या प्रत्येक भागाला शीर्षक, तारीख, जीयूआयडी ही ओळखखूण आणि एनक्लोजर असतं. एनक्लोजरमध्ये ऑडिओचा पत्ता, बाइटमधला आकार आणि फाइलचा प्रकार. ही सोय आरएसएसमध्ये २००० साली आली. २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतले आणि कव्हर, कालावधी, लेखक यांचे स्वतःचे टॅग त्यात जोडले. सगळं उघड्यावर असल्यामुळे फीड वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र एखाद्याच कंपनीच्या ॲपपुरते ठेवलेले कार्यक्रम असतात, त्यांना सार्वजनिक फीड नसतं. ते दाखवण्याचं आश्वासन देऊ नका.

फीडचे पत्ते मिळवायला ॲपलची सर्च सेवा चावीशिवाय (म्हणजे नोंदणी करून मिळणाऱ्या सांकेतिक कोडशिवाय) वापरता येते, पण मिनिटाला साधारण २० विनंत्यांची मर्यादा आहे. म्हणून प्रत्येक अक्षरागणिक विनंती पाठवू नका, टाइप करणारा थांबला की अर्ध्या सेकंदाने पाठवा. पॉडकास्ट इंडेक्सची सेवाही फुकट आहे, तिथे चावी घ्यावी लागते. ओपीएमएल, म्हणजे कार्यक्रमांच्या यादीची फाइल, तिची आयात-निर्यात पहिल्याच आवृत्तीत द्या. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट बंद झालं तेव्हा लोकांनी आपल्या याद्या याच फाइलमधून बाहेर काढल्या. ज्या ॲपमधून बाहेर पडता येतं त्यात लोक बिनधास्त शिरतात.

आता फीडमधल्या खोड्या. जीयूआयडी कधी नसतोच. तेव्हा ऑडिओचा पत्ता ओळख म्हणून धरा, पण त्यातलं प्रश्नचिन्हापुढचं सगळं काढून, कारण तो भाग बदलत राहतो आणि एकच भाग तीनदा दिसू लागतो. एखाद्याने होस्टिंग बदललं की सगळ्या भागांचे जीयूआयडी बदलू शकतात. ॲपला वाटतं दोनशे नवे भाग आले, आणि ऑटो-डाउनलोड चालू असेल तर दिवसाचा डेटा अर्ध्या तासात उडतो. यावर साधा पहारा ठेवा: एका फेरीत दहाहून जास्त 'नवे' भाग आले आणि त्यांच्या तारखा जुन्या असल्या, तर यादीत दाखवा पण आपोआप उतरवू नका.

कालावधी '३१२५' असा सेकंदांत येतो, '५२:०५' असा येतो, '१:०२:०५' असाही येतो. तिन्ही वाचता आले पाहिजेत. एनक्लोजरमधला आकार पुष्कळदा शून्य असतो, त्यावर प्रगतीची पट्टी बेतू नका. आणि मराठी शीर्षकांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसली तर दोष बहुधा आपलाच असतो: सर्व्हरने हेडरमध्ये (फाइलसोबत येणाऱ्या माहितीत) चुकीचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, सांगितलेलं असतं आणि आपण त्यावर विश्वास ठेवून आधी स्ट्रिंग बनवतो, मग पार्सरला, म्हणजे एक्सएमएल वाचणाऱ्या कोडला, देतो. पार्सरला थेट बाइट द्या. एक्सएमएलच्या पहिल्या ओळीत यूटीएफ-८ लिहिलेलं असतं, ते तो वाचून घेतो.

डेटा वाचवणारी गोष्ट एकच, पण ती अजिबात चुकवू नका. जुन्या कार्यक्रमांची फीड एक-दोन एमबीची असते. पन्नास कार्यक्रम, प्रत्येकी एक एमबी, दिवसातून चार फेऱ्या, म्हणजे एक अक्षर न ऐकता २०० एमबी. सर्व्हरने दिलेला ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण) आणि लास्ट-मॉडिफाइड (शेवटच्या बदलाची वेळ) जपून ठेवा आणि पुढच्या विनंतीत परत पाठवा. काही बदललं नसेल तर ३०४ उत्तर येतं, रिकामं. ३०१ (पत्ता कायमचा बदलला) आलं तर नवा पत्ता कायमचा नोंदवा, ३०२ (तात्पुरता बदल) आलं तर नोंदवू नका, ४१० (फीड कायमची काढली) आलं तर त्या फीडकडे जाणं थांबवा.

डाउनलोड

हिशोब असा: ६४ केबीपीएसचा (सेकंदाला ६४ किलोबिट) तासाभराचा भाग साधारण २९ एमबी, १२८ चा ५८ एमबी.

बहुतेक ॲप 'फक्त वायफायवर डाउनलोड' हे आधीच चालू करून देतात. आपल्याकडे ही सेटिंग घातक आहे. कितीतरी घरांत वायफाय नाही, जे आहे ते मोबाइलचं दीड-दोन जीबीचं रोजचं पॅक, आणि हॉटस्पॉटलाही फोन बहुधा मीटर लागलेलं नेटवर्क समजतो. मग डाउनलोड कधीच सुरू होत नाही आणि माणूस म्हणतो, ॲप बंद आहे. पहिल्यांदा उघडल्यावरच सरळ विचारा: मोबाइल डेटावर उतरवू का, आणि दिवसाला किती एमबीपर्यंत?

तुटलेलं डाउनलोड पुढे चालू करताना विनंतीतल्या 'रेंज' नावाच्या हेडरमधून 'इतक्या बाइटपासून द्या' असं मागता येतं. सर्व्हरने २०६ दिलं तर पुढचा तुकडा जोडा. २०० दिलं तर त्याने फाइल पहिल्यापासून पाठवायला घेतली आहे, जुना तुकडा पुसा. हे न तपासता जोडलं की विसाव्या मिनिटाला अचानक 'नमस्कार मंडळी' पुन्हा ऐकू येतं. बऱ्याच फाइलींमध्ये जाहिराती आयत्या वेळी घातल्या जातात, त्यामुळे काल अर्धी उतरलेली आणि आजची फाइल बाइटला बाइट सारखी नसते. म्हणून सोबत 'इफ-रेंज' या हेडरमध्ये जुना ईटॅग पाठवा, फाइल बदलली असेल तर सर्व्हर आपणहून पूर्ण देतो. उतरेपर्यंत फाइलचं नाव वेगळं ठेवा आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्या.

अँड्रॉइड ९ पासून साधे एचटीटीपी पत्ते मुळातच अडवले जातात. जुन्या फीडमध्ये ते अजून सापडतात. आधी एचटीटीपीएस लावून बघा. जागेचं म्हणाल तर ऐकून झालेला भाग २४ तासांनी पुसा, आणि फोनमध्ये ५०० एमबीपेक्षा कमी उरलं की ऑटो-डाउनलोड थांबवून तसं स्पष्ट सांगा.

ऐकणाऱ्याची जागा

ॲपची खरी परीक्षा इथे. कुठवर ऐकलं ते फक्त ॲप बंद होताना नोंदवायचं, हा सर्रास दिसणारा प्रकार. कमी रॅमच्या फोनवर सिस्टिम ॲपला न सांगता मारून टाकते, 'बंद होताना'चा कोड चालतच नाही. चालू असताना दर ५ सेकंदांनी नोंद करा, शिवाय थांबवल्यावर आणि पुढे-मागे सरकवल्यावर लगेच.

पुन्हा सुरू करताना किती वेळ मध्ये गेला ते पाहून मागे या: मिनिटभर गेला तर ३ सेकंद, तास गेला तर १०, दिवस उलटला तर ३०. छोटी सोय आहे, पण अर्ध्या वाक्यापासून ऐकण्याची चिडचिड जाते. 'ऐकून झालं' हे टक्क्यांवर ठरवू नका. दोन तासांच्या मुलाखतीत ९५ टक्के म्हणजे सहा मिनिटं बाकी, आणि नेमका निष्कर्ष त्यातच असतो. शेवटचे ३० सेकंद ही खूण धरा.

प्लेयरला आवाजाचा प्रकार 'स्पीच' सांगा. संगीताच्या ॲपमध्ये नकाशाचा आवाज आला की गाणं हळू होतं आणि ते ठीक असतं. बोलणं हळू झालं तर तेवढी वाक्यं हरवतात. स्पीच सांगितल्यावर एक्सोप्लेयर तिथे थांबतो. इअरफोन निघाला की थांबण्याची सोयही चालू करा, नाहीतर एसटीत सगळ्यांना ऐकू जातं. इअरफोनचं बटण दोनदा दाबलं की मीडिया सेशन (बाहेरच्या बटणांचे हुकूम प्लेयरला पोचवणारा भाग) एरवी पुढच्या भागावर उडी मारतं. ते बदलून ३० सेकंद पुढे करा. बॅकग्राउंडला आवाज चालू ठेवणाऱ्या सर्व्हिसचा प्रकार मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सिस्टिमला देणाऱ्या फाइलमध्ये) 'मीडिया प्लेबॅक' लिहिला नाही तर अँड्रॉइड १४ वर ॲप कोसळतं.

एमपी३ बदलत्या बिटरेटची असेल आणि कुठला सेकंद फाइलमध्ये कुठे आहे याची सूची तिच्यात नसेल, तर पट्टी सरकवल्यावर भलत्याच जागी जातं किंवा सरकतच नाही. एक्सोप्लेयरमध्ये इंडेक्स सीकिंगचा पर्याय आहे, तो उतरवलेल्या फाइलींना लावा. स्ट्रीमिंगला नको, दूरवर उडी मारायची तर मधली सगळी फाइल वाचत बसतो.

वेग, आवाज, झोप

वेग ०.८ ते २, दर ०.१ ला टप्पा, आणि प्रत्येक कार्यक्रमासाठी वेगळा लक्षात ठेवलेला. बातम्या दीडपटीने ऐकणारा माणूस कीर्तन त्या वेगाने ऐकत नाही. शांतता गाळण्याची सोयही कार्यक्रमागणिक द्या आणि आधीपासून बंद ठेवा, टाळ-मृदंग आणि कथाकथनातली थांबण्याची जागा ती खाऊन टाकते.

घरी रेकॉर्ड केलेले मराठी कार्यक्रम बरेचदा हळू आवाजाचे असतात. ॲपलची शिफारस उणे १६ एलकेएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो ते मोजण्याचं एकक) आसपासची आहे, उणे २५ वर सोडलेला भाग त्यापुढे पुटपुटल्यासारखा वाटतो. लाउडनेस एन्हान्सर वापरून ६ डेसिबलपर्यंत उचला, म्हणजे त्या सेटिंगमध्ये ६०० मिलिबेल. त्याच्यावर आवाज फाटतो. ही मर्यादा वाढवून मागणारे भेटतील, विशेषतः यंत्रमागावर काम करताना ऐकणारे. ऐकू नका त्यांचं. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास कानावर पडणं धोक्याचं मानतात, मागांच्या शेडमध्ये मुळातच त्याहून जास्त खडखडाट असतो, आणि त्याच्यावर आणखी मोठं लावायचं म्हणजे कान घालवायचं काम.

स्लीप टायमरला १५, ३०, ४५ मिनिटं आणि 'भाग संपेपर्यंत' पुरे. शेवटच्या १० सेकंदांत आवाज विझवत न्या आणि विझायला सुरुवात झाली ती जागा नोंदवा.

मराठी शोध

तयार लायब्ररी इथे तोंडघशी पाडतात. 'ॲप' हा शब्द घ्या. काही कीबोर्ड 'ॲ' हे एकच अक्षर टाकतात, काही 'अ' वर चंद्र वेगळा चढवतात. दिसायला सारखंच, संगणकाला दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही ते एक करत नाही. 'दुसऱ्या' मधला अर्धा र दोन पद्धतींनी लिहिला जातो, एकीत न दिसणारा जोडचिन्हाचा कोड असतो. 'कीर्तन' आणि 'किर्तन', 'हिंदी' आणि 'हिन्दी' हे तर आहेच.

उपाय: शीर्षकाची एक वेगळी शोध-प्रत डेटाबेसमध्ये ठेवा, जी कुणाला दाखवायची नाही.

१. 'अ' अधिक चंद्र असेल तिथे 'ॲ' करा.
२. न दिसणारे जोडणारे-तोडणारे कोड काढा, 'ऱ' चा 'र' करा.
३. दीर्घ वेलांटी-उकार ऱ्हस्व करा, ई-ऊ यांचंही तेच.
४. त्याच वर्गातल्या व्यंजनापूर्वीचा अर्धा अनुनासिक अनुस्वारात बदला.
५. देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत आणा.

टाइप केलेल्या शब्दावर हेच पाच संस्कार करून मग शोधा. एसक्यूलाइटच्या (रूमच्या खाली असलेल्या डेटाबेसच्या) फुल टेक्स्ट सर्चला युनिकोड६१ टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, लावू नका. तो काना-मात्रांना अक्षर मानत नाही, 'सोलापूर'चे स, ल, प, र असे चार तुकडे करतो. साधा 'सिंपल' टोकनायझर इथे बरा.

सोलापुरात एकाच घरात मराठी, तेलुगू, कन्नड ऐकणारे असतात, तेव्हा भाषेची चाळणी हवीच. पण फीडमधल्या भाषेच्या टॅगवर विसंबू नका, होस्टिंगने भरलेलं इंग्रजी तसंच राहून जातं. शीर्षक कुठल्या लिपीत आहे ते पाहून मराठी-तेलुगू-कन्नड वेगळे पडतात. मराठी-हिंदीसाठी मात्र टॅग बघावाच लागतो.

पडदा आणि चाचणी

कव्हर १४०० ते ३००० पिक्सेलचं चौकोनी असतं. ३००० चं मूळ आकारात उघडलं तर एकच चित्र ३६ एमबी रॅम खातं, यादी सरकवताच ॲप बंद. यादीसाठी ३०० पिक्सेलवर उतरवून घ्या. देवनागरी ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरचे रफार आणि खालचे उकार कापले जातात.

प्ले स्टोअरची नोंदणी फी एकदाच, २५ डॉलर. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर ॲप सगळ्यांना खुलं करण्याआधी १२ परीक्षकांनी सलग १४ दिवस बंद चाचणीत राहावं लागतं. हे बारा जण एकाच वर्गातले मित्र घेऊ नका, सगळ्यांचे फोन आणि सवयी सारख्याच निघतात. एक-दोन दुकानदार, रोज बसने ये-जा करणारं कुणी, मोठी अक्षरं लावलेले एखादे आजोबा असे निवडा. आणि प्रत्येकाला हे करायला सांगा: डाउनलोड चालू असताना विमान मोड लावा, ऐकत असताना कॉल घ्या, इअरफोन उपटा, ॲप वर सरकवून काढून टाका, फोन बंद करून चालू करा. दर वेळी परत उघडल्यावर पट्टी कुठे होती ते लिहून घ्या. पाच-दहा सेकंदांहून जास्त फरक निघाला की आधी तो निस्तरा, नवी सोय नंतर.