रताळ्याच्या उतारावर वाळ्याची ओळ

खानापूर-बेळगावकडच्या लाल मातीत रताळ्याचे वेल लावायची धांदल उडते, त्याच आठवड्यात उताराला आडवी वाळ्याची, म्हणजे खस गवताची, ओळही लावून टाका. रताळ्यासाठी आपण माती भुसभुशीत करतो आणि आर्द्रा-पुनर्वसूचा पाऊस तीच माती ओढ्याला नेऊन घालतो. नुसत्या मातीच्या बांधाचा भरवसा नाही. तो एका जागी फुटला की सगळं पाणी तिथूनच घुसतं. वाळ्याची दाट ओळ पाणी तुंबवत नाही, गाळते. पाणी पसरून सावकाश पलीकडे उतरतं, गाळ अलीकडे बसतो आणि काही वर्षांत तिथे आपोआप पायरी तयार होते.

वाळा म्हणजे आपल्या माठातल्या जुडीचाच वाळा. रोपं घ्यायला गेलात तर 'लावंच' म्हणा, कन्नडमध्ये त्याचं नाव तेच. मुळं सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत ३ मीटरपर्यंत. आडवी फारशी जात नाहीत, म्हणून शेजारच्या पिकाला त्रास कमी. हराळी-कुंद्यासारखा रान खाईल, ही भीती बहुतेकांना असते. पण दक्षिणेकडे लागवडीत असलेला वाळा रुजणारं बी धरत नाही आणि जमिनीखालून धावतही नाही. दक्षिण कर्नाटकातल्या गुंडलुपेटकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तो शेताच्या हद्दीवर लावत आले आहेत. सरकणारं गवत हद्दीवर कोण ठेवील? उत्तरेकडच्या रानवाळ्याचं बी मात्र रुजतं, तेव्हा रोपं कुठून आली एवढं विचारून घ्या.

खरं काम ओळ आखण्याचं आहे. ती डोळ्यांच्या अंदाजाने आखू नका. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणा, दोघांनी दोन टोकं धरा आणि सारख्या उंचीवर खुंट्या मारत जा. ओळ वाकडी झाली तरी चालेल, पातळी चुकता कामा नये. उंची दीड-दोन मीटर उतरली की दुसरी ओळ. शंभर फुटांना पाच फूट उतार असेल, तर दोन ओळींत साधारण १०० ते १३० फूट अंतर येतं.

जुना ठोंब खणून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करा. पानं वीतभर ठेवून छाटा, मुळं चार बोटं. शेणकाल्यात बुडवा, ओल्या पोत्याखाली ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी लावा. दोन रोपांत अर्धी वीत, म्हणजे १०० फुटांना सुमारे अडीचशे रोपं. एवढी रोपं ऐकून हात आखडतो आणि माणूस हातभर अंतरावर लावून मोकळा होतो. अशी ओळ न लावलेलीच बरी, कारण फटीतून पाणी जोराने घुसतं आणि तिथे घळ पडते. रोपं कमी असतील तर एकच ओळ लावा, पण दाट लावा. मेलेल्या रोपांच्या जागा पाऊस असेतोवर भरून घ्या.

अथणी-चिकोडीच्या कमी पावसाच्या पट्ट्यात जमीन चांगली भिजल्याशिवाय हात घालू नका, आणि पावसाने ताण दिला तर पहिले दोन महिने पाणी द्या. एकदा जम बसला की उन्हाळा काढतो. काजू-आंब्याच्या दाट सावलीत मात्र तो कुढतो.

पहिल्या वर्षी तण काढा, जनावरं लांब ठेवा. नंतर गुडघ्याएवढा ठेवून कापत राहिलात तर फुटवे वाढतात. कोवळा पाला गुरं खातात, जून झालेला खरखरीत असतो. तो मिरचीच्या किंवा भाजीच्या बुडाशी आच्छादनाला घाला.

मुळांना पैसे येतात म्हणून काही जण बांधावरची ओळच खणतात. तसं करू नका. विहिरीजवळच्या दांडाकडेला पाच-दहा ठोंब वेगळे लावा. दीड वर्षाने तिथून माठापुरती मुळं निघतील, आणि वरच्या फुटव्यांनी ओळीतल्या फटी भरता येतील.