पिवळ्या बल्बखाली कावीळ बघू नका

नव्यानं प्रॅक्टिस सुरू करणाऱ्या पशुवैद्यक मित्रांसाठी लिहितोय.

करवीर तालुक्यात माझा तो पहिलाच पावसाळा. दिवेलागणीला फोन आला, "डॉक्टर, म्हस तांबडं मुताय लागलीया." गोठ्यात एकच पिवळा बल्ब. त्या उजेडात पापणी ओढून बघितली, ‘कावीळ, गोचीडताप’ म्हणालो आणि त्याच्या जंतूवरचं, म्हणजे बबेसियावरचं इंजेक्शन देऊन घरी आलो. सकाळी म्हैस उठेना. वरिष्ठांनी दोनच प्रश्न विचारले. ताप किती होता? व्यायला किती दिवस झाले? ताप नव्हता, अंगावर गोचीडही नव्हती. व्यायला वीस दिवस झालेले, दूध भरपूर आणि वैरण म्हणजे नुसतं उसाचं वाडं. स्फुरद कमी पडून रक्तातल्या तांबड्या पेशी फुटत होत्या. सोडियम ॲसिड फॉस्फेट शिरेतून सुरू केलं, तिसऱ्या दिवशी लघवी निवळली. त्या वेताचं दूध मात्र परत चढलं नाही. मालकाचं ते नुकसान माझ्या घाईमुळं झालं.

पेशी फुटल्या की बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं आणि यकृत ते पित्तावाटे आतड्यात सोडतं. कावीळ दिसली की ही वाट कुठं बिघडली ते आधी शोधायचं.

आपल्याकडं जास्त सापडते ती यकृताच्या आधीची, म्हणजे रक्त फुटून होणारी. गोचीडीतून येणाऱ्या तीन रोगांपैकी बबेसियात सणसणून ताप आणि कॉफीसारखी लघवी. थायलेरियात खांद्यापुढची गाठ हाताला लागते, संकरित गाईंत हा जास्त. ॲनाप्लाझ्मात जनावर पांढरं-पिवळं पडतं, पण लघवी लाल होत नाही. एवढा एक फरक पक्का लक्षात ठेवलात तरी निम्मं निदान गोठ्यातच होतं.

लाल लघवी काचेच्या नळीत थोडा वेळ उभी ठेवा. तांबडं तळाला बसलं तर ते रक्त, सगळी नळी सारखीच लाल राहिली तर फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन.

यकृताची कावीळ राधानगरी-भुदरगडाकडं बघायला मिळते. उन्हाळ्यात वैरण संपली की जनावरं घाणेरीचं झुडूप खातात, त्यानं यकृत बिघडतं आणि कातडीला ऊन सोसत नाही. एका काळ्या-पांढऱ्या होल्स्टिन संकरित गाईची पांढऱ्या पट्ट्यांवरचीच कातडी उन्हानं सोलून निघाली होती, काळे पट्टे शाबूत. तिला आधी सावलीत बांधली, मग औषध. बुरशी आलेली शेंगदाणा पेंडही यकृत खाते.

पित्तनळी तुंबून होणारी कावीळ गाई-म्हशींत कमी. शिरोळकडं नदीकाठच्या जनावरांत पर्णकृमी, म्हणजे यकृतातले पानासारखे चपटे कृमी असतात, तेव्हा जबड्याखाली पाणी साठलंय का बघा आणि शेण तपासा. कुत्र्यात नळी पूर्ण बंद झाली तर विष्ठा मातकट-पांढरी होते.

डोळा आणि योनीची आतली त्वचा दिवसाउजेडीच बघा. रात्री जावं लागलं तर पांढऱ्या उजेडाची बॅटरी न्या. आणि लाल लघवीला उघडा हात लावू नका. लेप्टोस्पायरा या जिवाणूचा रोग असला तर तो माणसालाही होतो. हातमोजे गाडीत नको, खिशात ठेवा.