जुन्या दाढीच्या साबणाचा फेस

अमेरिकेच्या विल्यम्सची मगमध्ये बसवायची वडी, शल्टन कंपनीच्या काळातला ओल्ड स्पाइसचा मग, इंग्लंडच्या यार्डलीची लाकडी वाटी. असा चाळीस-पन्नास वर्षं जुना साबण हाती आला की पहिला प्रश्न येतो: याचा फेस होईल का? कोरडा राहिला असेल तर बहुतेक वेळा होतो. वय दिसतं ते आधी वासात.

दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं आणि ते हवेने सहसा बिघडत नाही. टॅलोमधलं, म्हणजे गुरांच्या वितळवून गाळलेल्या चरबीतलं, ओलेइक आम्ल मात्र हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू खराब होतं. नारिंगी-तपकिरी ठिपके आणि खवट तेलाचा वास ही त्याची खूण. चरबी चालत नसेल, तर अमेरिकेत घटकांची यादी छापणं १९७० च्या दशकात सक्तीचं झालं हे लक्षात ठेवा. त्याआधीच्या वेष्टनावरून काही कळेलच असं नाही. सुगंधात लिंबू-संत्र्याच्या छटा सगळ्यांत आधी उडतात. चंदन, कस्तुरी आणि कूमरिन नावाच्या सुगंधी द्रव्याचा गोडसर वास मागे राहतो.

आधी धारदार सुरीने किंवा सोलाण्याने वरचा १ ते २ मिलिमीटर थर खरवडून काढा. धूळ आणि हवेने बिघडलेला भाग त्यातच असतो. आतला साबण हुंगा. नुसता फिका वास आला तर चालेल; खवट आला तर वडी टाकून द्या, कारण तो दोष आता आतपर्यंत पोचलाय. साबण चांगला वाटला तरी थोडा फेस कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुवा आणि २४ तास वाट पाहा. वर्षानुवर्षं हवा लागलेली सुगंधी तेलं त्वचेला ताज्या तेलांपेक्षा जास्त झोंबू शकतात. जुन्या पुरुषी सुगंधांत मस्क अँब्रेट हे कृत्रिम कस्तुरीद्रव्यही वापरलं जाई. त्याने काहींना उन्हात गेल्यावर पुरळ येई, म्हणून पहिल्या काही दाढ्यांनंतर चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. वेष्टनावर हेक्झाक्लोरोफीन लिहिलेलं असेल, तर तो साबण फक्त संग्रहात ठेवा. या जंतुनाशकावर अमेरिकेत १९७२ मध्ये कडक निर्बंध आले.

आता पाणी. जुनी वडी फेस देत नाही अशी तक्रार असते तेव्हा दोष बऱ्याचदा पाण्याचा असतो. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चोथा बनवतं. तो ब्रशला चिकटतो आणि फेस पातळ, करडा होतो. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरा, एका दाढीला कपभर पुरतं. मुंबईसारखं तलावाचं मऊ पाणी असेल तर नळाचंच चालेल.

वर्षानुवर्षं सुकल्यामुळे वडी दगडासारखी कडक झालेली असते. तिच्यावर चमचाभर कोमट पाणी घालून १० मिनिटं ठेवा. उकळतं पाणी नको, त्याने उरलासुरला वासही उडतो. तोवर ब्रश भिजू द्या. डुकराच्या केसांच्या ब्रशला किमान ५ मिनिटं लागतात. बिज्जूच्या (बॅजरच्या) केसांचा ब्रश लवकर मऊ होतो. वडीवरचं पाणी ओतून द्या, ब्रश दोनदा झटका आणि वडीवर ४५ ते ६० सेकंद फिरवा. नव्या साबणाला २० सेकंद पुरतात, म्हणून अनेक जण इथे लवकर थांबतात आणि पुढे फेस विरतो. ब्रशच्या टोकांवर दाट, चिकट लेप बसला की पुरे.

मग चेहऱ्यावर किंवा वाटीत फेसताना एका वेळी पाच-सहा थेंबच पाणी घाला. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालंय किंवा साबण कमी पडलाय, अशा वेळी ब्रश पुन्हा वडीवर फिरवा. फेस कोरडा, पेस्टसारखा राहिला तर आणखी थेंब. दह्यासारखा चकचकीत झाला आणि बोटांत बुळबुळीत लागला की पातं घ्या.

आकसून मगमध्ये सैल झालेली किंवा तुकडे पडलेली वडी वितळवायला जाऊ नका. रोलरमधून दाबून केलेला साबण नीट वितळत नाही, त्याचे तंतू आणि गाठी होतात. जाड किसणीवर किसा, १०० ग्रॅमला चमचाभर पाणी शिंपडा, वाटीत अंगठ्याने घट्ट दाबा आणि दोन-तीन दिवस उघडं वाळू द्या.

साबणाबरोबर जुना ब्रश मिळाला तर तो वापरू नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात जंतू असलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांतून सैनिकांना अँथ्रॅक्स हा जीवघेणा रोग झाला होता, आणि त्याचे बीजाणू फार चिवट असतात.

वापरल्यावर वडी पूर्ण सुकेपर्यंत झाकण लावू नका. लाकडी वाटीत पाणी साचू देऊ नका, लाकूड फुगून तडकतं. तिच्यातली वडी शक्य असेल तर काढून साध्या स्टीलच्या वाटीत वापरा. न वापरलेल्या वड्या मेणकागदात गुंडाळून अंधाऱ्या, कोरड्या कपाटात ठेवा.