पावसाळ्यात ॲक्रेलिकची पेटी कशी जोडावी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचं ॲक्रेलिकचं काम चालतं. मूर्तीच्या पेट्यांची घाई गणपतीच्या आधी, म्हणजे ऐन पावसात. तेव्हाच सांधे पांढरे पडतात आणि लोक सांगतात, 'एमडीसीत भेसळ आहे.' भेसळीचा काही संबंध नाही.

एमडीसी म्हणजे मिथिलीन डायक्लोराइड. हा गोंद नव्हे. ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं आणि उडून जातं. उकळतं 40 अंशांच्या आसपास, त्यामुळे उडतानाही झरझर. कड गार पडते आणि दमट हवेतलं पाणी तिच्यावर बसतं. तोच पांढरेपणा. उपाय एकच: पाऊस उघडल्यावर, कोरड्या शीटवर काम करा.

कडा कानशीने काटकोनात करा, सांध्याजवळची फिल्म सोला, पेटी टेपने उभी करा. कडेला ज्योतीची पॉलिश मारू नका, म्हणजे चकाकीसाठी कड ज्योतीवर तापवू नका. ताण राहतो आणि एमडीसी लागताच बारीक चिरा पडतात.

आता खरं काम. मी आधी सिरिंजने एमडीसी भरपूर सोडायचो. बुडबुडे राहायचे, थेंब समोरच्या शीटवर ओघळायचा, मी तो घाईने पुसायचो आणि शीट कायमची खराब व्हायची. थेंब पडला तर हात लावू नका, उडू द्या.

विजेच्या लवचिक वायरीतली केसासारखी एकेक तार सांध्यात, वरच्या तुकड्याच्या कडेखाली, दर चार बोटांवर ठेवा. सांधा आडवा, सपाट हवा. सिरिंजची सुई फटीला टेकवून हलक्या हाताने सरकवत न्या. द्रावण आपोआप आत ओढलं जातं, ते डोळ्यांना दिसतं. मनात दहा-पंधरा अंक मोजा, कड मऊ झाली की तारा ओढून काढा. वरचा तुकडा स्वतःच्या वजनाने बसतो आणि हवा बाहेर पडते. वरून दाबू नका, मऊ झालेलं ॲक्रेलिक बाहेर येतं.

घराच्या बंद खोलीत हे काम करूच नका. वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते, खाली साचते, म्हणून एक्झॉस्ट टेबलाच्या उंचीवर किंवा खाली हवा. छताचा पंखा कामाचा नाही. ही वाफ शरीरात गेली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. डोकं जड झालं की ताबडतोब बाहेर या. कापडी किंवा एन-९५ मास्क ती अडवत नाही, नायट्रिलच्या हातमोज्यातूनही ती मिनिटांत आरपार जाते. जवळ विडी, शेगडी, हीट गन नको. तापलेल्या वाफेतून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

पेटी 24 तास हलवू नका. उरलेलं बाटलीतच ठेवा, मोरीत ओतू नका. ते पाण्यापेक्षा जड आहे, तळाशी बसून पीव्हीसीचा पाइप मऊ करतं.