सनचा जुना मॉनिटर लिनक्सवर चालवला

लातूरला भंगारवाल्याकडे सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या वर्कस्टेशनचा (व्यावसायिक कामाच्या ताकदवान संगणकाचा) सीआरटी, म्हणजे पिक्चर ट्यूबवाला मॉनिटर मिळाला. असा भक्कम नग वितळवायला जाऊ देणं मला पटेना. मागे १३डब्ल्यू३ पोर्ट: तीन जाड पिना लाल, हिरव्या, निळ्यासाठी आणि दहा बारीक. अडॅप्टर घेताना नीट बघा, सिलिकॉन ग्राफिक्स या दुसऱ्या वर्कस्टेशन कंपनीचा पोर्ट दिसायला हाच, पण पिनांची जोडणी वेगळी.

खरी अडचण सिंकची, म्हणजे प्रत्येक ओळ आणि प्रत्येक चित्र कधी सुरू करायचं हे मॉनिटरला सांगणाऱ्या सिग्नलची. एचडीएमआयला व्हीजीए कन्व्हर्टर लावला की आडवा आणि उभा सिंक वेगवेगळ्या तारांवर येतो. या मॉनिटरला दोन्ही एकाच तारेवर एकत्र लागतात. टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी ७४एलएस८६ ही एक्सऑर गेटची (दोन सिग्नलचा एक करणारी) चिप सोल्डर करून दिली. दोन्ही सिंक तिच्या एका गेटला दिले, पाच व्होल्ट यूएसबीतून घेतले.

मग एक्सरँडरमध्ये (लिनक्सवर पडद्याची सेटिंग बदलायची आज्ञा) मोडलाइन, म्हणजे रिझोल्यूशन आणि वारंवारतेचे आकडे असलेली ओळ टाकली: ११५२ बाय ९००, ६६ हर्ट्झ, आडवी वारंवारता ६१.८ किलोहर्ट्झ. चित्र लगेच स्थिर झालं, देवनागरीच्या वेलांट्यासुद्धा रेखीव दिसतात.

हा मॉनिटर ठरावीक वारंवारतेचाच आहे. भलता सिग्नल दिला तर आतलं सर्किट जळू शकतं, म्हणून बूट होईपर्यंत दुसरा पडदा वापरतो, याची केबल नंतर लावतो. मागचं झाकण मात्र उघडू नका. बंद असला तरी पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात.